डिजिटल ट्विन: धाकट्या शेठना कंपनीचा 'जुळा' हवाय, काय करू?

नटबोल्ट | ४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत मशिनिंगच्या कंपनीत पीपीसीला (प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल) आहे. पीपीसी म्हणजे ज्याला दिवसभर सगळे "माझा जॉब कधी?" एवढंच विचारतात तो प्राणी. १४० माणसं, ११ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन), ६ सीएनसी लेथ, मापं तपासायला एक सीएमएम, आणि हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला. दोन शिफ्ट मिळून मशीनला २० तास मिळतात.

तर झालं असं की आमचे धाकटे शेठ एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि तिथून 'डिजिटल ट्विन' घेऊन आले, म्हणजे शब्द घेऊन आले. ऑर्डर आल्यापासून डिस्पॅचपर्यंत सगळी प्रोसेस स्क्रीनवर हुबेहूब दिसणार, "ही मशीन वाढवली तर काय", "ही ऑर्डर घेतली तर काय" असं त्यात आधी करून बघायचं आणि मग खऱ्या शॉपफ्लोअरवर करायचं. कन्सल्टंटचं कोटेशन ३८ लाख. शिवाय शेठ नवीन व्हीएमसी घ्यायच्या विचारात आहेत, ती ४५ लाख, कारण सगळ्या मशीन कायम भरलेल्या दिसतात आणि तरी माल उशिराच जातो. मला सांगितलंय १५ दिवसात अभ्यास करून सांग. मी प्रॉडक्शनवाला डिप्लोमा, अभ्यास केव्हाच सुटला. हे खरंच काय प्रकरण आहे? आपल्यासारख्या जॉबशॉपला (ऑर्डरप्रमाणे वेगवेगळे जॉब करणाऱ्याला) झेपतं का?

चहाबाज | ४ जून, रात्री ११:०८

कुंभमेळ्यात हरवलेला भाऊ सापडला म्हणायचा कंपनीला. ३८ लाखात एक जुळा, तोही काम न करणारा. असा आमच्या ऑफिसात फुकट आहे, माझ्या शेजारीच बसतो.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

आइंडहोवनकर | ५ जून, पहाटे १:३५

माझा पोटापाण्याचा धंदाच हा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मूळ कल्पना वस्तूची. २००२ मध्ये मायकेल ग्रीव्ज यांनी मिशिगन विद्यापीठात मांडली: प्रत्येक खऱ्या वस्तूची एक डिजिटल जोडी असावी आणि दोघांमध्ये माहिती येत-जात राहावी. 'डिजिटल ट्विन' हे बारसं नंतर, २०१० च्या सुमारास, नासातल्या जॉन विकर्स यांनी केलं. अपोलो १३ चं उदाहरण सगळेच विक्रेते देतात (१९७० च्या एप्रिलमध्ये यान बिघडलं तेव्हा ह्यूस्टनला जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये सगळं आधी करून बघितलं). ते चूक नाही, पण तुमच्या उपयोगाचंही नाही, कारण तुम्हाला वस्तूची नाही, कामाच्या वाटेची जोडी हवी आहे. आणि कामाची वाट टर्बाइनसारखी हाताला लागत नाही, तिला सेन्सर चिकटवता येत नाही.

तिचा माग लागतो नोंदींमधून. कुठलीही सिस्टिम घ्या, तीन गोष्टी असल्या की पुरे: कुठला लॉट (एकत्र चालणारा नगांचा गठ्ठा), कुठलं काम, किती वाजता. या तीन कॉलमवरून खरी प्रोसेस कशी वाहते त्याचा नकाशा काढतात, त्याला प्रोसेस मायनिंग म्हणतात. मी राहतो त्या गावच्या, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या, विद्यापीठात विल व्हॅन डर आल्स्ट यांनी यावर पायाभूत काम केलं, आणि २०११ मध्ये या विषयाचा जाहीरनामाही निघाला. सेलोनिस वगैरे मोठ्या कंपन्या त्याच कुळातल्या.

आता नीट वाचा कारण ३८ लाख इथे आहेत. डेटा तुम्ही हातानं भरला तर ते नुसतं मॉडेल. डेटा आपोआप आत येतो पण उलट काही जात नाही, ती सावली. दोन्हीकडून वाहतं, म्हणजे तिथे ठरलं की इथे शेड्यूल बदलतं, तो ट्विन. विकताना तिन्हीला ट्विनच म्हणतात. तुमच्या कोटेशनमध्ये यातलं काय आहे ते विचारा, आणि थ्रीडी फिरणाऱ्या मशीनचे पैसे किती ते वेगळं लिहून मागा.

त्याआधी एक फुकटचं काम. फ्लोअरवर सध्या किती रूट कार्ड (प्रत्येक लॉटबरोबर फिरणारं कामाचं कार्ड) उघडी आहेत आणि रोज सरासरी किती लॉट डिस्पॅच होतात, एवढं मोजून इथे लिहा.

शिरोलीकर | ५ जून, सकाळी ७:१५

भावा, ट्विन घेऊन बसलेला माणूस हाय मी. शिरोलीला फौंड्री हाय आमची. चार वर्षं झाली. मोल्डिंग, पोअरिंग, शेकआउट, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करायचं काम) सगळं थ्रीडीत, भट्टी लाल दिसायची, ट्रॉल्या पळायच्या. ऑफिसात ५५ इंची टीव्ही लावलेला. पाहुणं आलं की लई भारी वाटायचं.

आणि मग चैत्र आला. जोतिबाच्या यात्रेला फेटलिंगची निम्मी माणसं जातात, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक. मॉडेलला न्हाई! ते आपलं रोजचा टनेज तसाच दाखवतंय आणि खाली कास्टिंगचा ढीग क्रेनला लागलेला. विचारलं तर म्हणं "तो पॅरामीटर तुम्ही दिला नव्हता." तसंच भट्टीच्या लायनिंगचं (आतल्या अस्तराचं). इतक्या हीट (वितळणीच्या खेपा) झाल्या की भट्टी थांबवून लायनिंग करायलाच लागतंय, ते त्यानं 'ब्रेकडाऊन' म्हणून धरलं, अचानक येणारं. अचानक कुठलं, आमच्या मिस्त्रीला तारखेसकट माहीत असतंय.

आता त्या टीव्हीवर सेफ्टीची पोस्टरं फिरतात. बाकी इषय न्हाई.

मीठभाकर | ५ जून, दुपारी १:२०

मी फॅक्टरीतली नाही, हिंजवडीला एका मोठ्या ग्रुपच्या अकाउंट्स पेयेबलला (सप्लायरची बिलं चुकती करणारा विभाग) आहे, पण आमच्याकडे हेच बिलांवर झालंय म्हणून लिहिते.

एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) सात पायऱ्या: पीओ (खरेदीची ऑर्डर), माल इनवर्ड, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल, तिन्हींचा मेळ, मंजुरी, पेमेंट. मायनिंगचा नकाशा काढला तेव्हा बिलं ४०० हून जास्त वेगवेगळ्या वाटांनी जात होती. अक्षरशः पायात अडकलेल्या लोकरीसारखं चित्र. सगळ्यात जास्त फेऱ्या कुठे, तर सप्लायर बिल करतो किलोत आणि पीओ असतो नगात. मेळ बसत नाही, बिल परत, फोनाफोनी, मेल, पुन्हा एंट्री. इतकी वर्षं आम्ही "मंजुरीला साहेब वेळ लावतात" म्हणून साहेबांना शिव्या घालत होतो, आणि साहेब बिचारे दुसऱ्या दिवशी सही करत होते!

मग त्याच डेटावर मॉडेल बसवून "१ टक्क्यापर्यंतचा फरक आपोआप पास केला तर" असं चालवून बघितलं, मग ऑडिटला दाखवलं, मग चालू केलं. ऑडिटवाले एरवी ऐकत नाहीत, पण कुठली बिलं सुटली असती ती एकेक दाखवता आली म्हणून ऐकलं. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरात नियम आलाय (४३बी(एच) कलमानं आला), छोट्या सप्लायरचं पेमेंट ४५ दिवसांपलीकडे लांबलं तर तो खर्च पैसे देऊ तेव्हाच वजा मिळतो, त्यामुळे उशिराला आता किंमत लागलीय. नुसतं "लवकर करा" म्हणून काही हललं नसतं.

थ्रीडी वगैरे काही नव्हतं हो. बाण आणि आकडे.

जुना_फिटर | ५ जून, रात्री ९:०५

सगळं वाचलं. ३१ वर्षं फिटर होतो, त्यातली १२ युनियनचं काम बघितलं. मला एकच विचारायचंय, या जुळ्याला ऑपरेटर चहाला किती वेळ गेला ते दिसतं का?

आम्ही स्टॉपवॉचवाला माणूस पाहिलाय. मागे उभा राहायचा पॅड घेऊन. आणि हे आजचं नाही, टेलरसाहेबाच्या (कामाच्या वेळा घड्याळानं मोजायची पद्धत आणणारा) पद्धतीनं घड्याळ लावायला गेले म्हणून अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी कारखान्यात १९११ ला संप झाला होता. ज्या दिवशी माणसाला कळतं की वेळ माझी मोजतात त्या दिवसापासून खरी वेळ मिळत नाही, बाकी तुम्ही कॉम्प्युटर लावा नाहीतर घंगाळ-वाटीचं घटिकायंत्र.

मीठभाकर | ५ जून, रात्री ९:४०

+१ काका. आमच्याकडे पहिल्या नकाशात युजर आयडी दिसत होते. दुसऱ्या दिवशी अख्ख्या टीमनं एंट्री एकमेकांच्या लॉगिननं करायला सुरुवात केली.

चहाबाज | ५ जून, रात्री ९:४८

ही टीम कुठे आहे? मला जॉइन व्हायचंय.

नटबोल्ट | ६ जून, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@आइंडहोवनकर, मोजली. उघडी कार्डं २४०. डिस्पॅच रोज सरासरी १२ लॉट.

आइंडहोवनकर | ७ जून, रात्री १२:१०

२४० भागिले १२. तुमच्याकडे लॉट आला की जायला कामाचे २० दिवस लागतात. याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. शेठ गिऱ्हाइकाला किती दिवस सांगतात?

नटबोल्ट | ७ जून, सकाळी ६:५०

१०.

चहाबाज | ७ जून, सकाळी ९:३०

😂😂 धागा इथेच वाखूसा (वाचनखूण साठवा).

आइंडहोवनकर | ७ जून, दुपारी २:४५

आता ३८ लाख बाजूला ठेवा. पायथनमध्ये सिमपाय म्हणून फुकट लायब्ररी आहे, नकाशा काढायला पीएम४पाय आहे, तीही फुकट. कॉलेजातलं कुणी पोर हाताशी असेल तर महिन्याभरात कामचलाऊ मॉडेल होतं. मात्र आधी ईआरपीतल्या (कंपनीच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधल्या) वेळा तपासा. वेळ काम झालं तेव्हाची आहे की एंट्री केली तेव्हाची?

नटबोल्ट | २९ जून, रात्री ११:५५

मंडळी, धागा वर काढतोय. सांगण्यासारखं बरंच झालंय.

भाचा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला धरला. शेठना म्हणलं कन्सल्टंटला महिनाभर थांबवा. थांबवलं.

ईआरपीतून मे महिन्याच्या नोंदी काढल्या, साधारण ४१००. भाच्यानं त्याचा तासावार आलेख काढला आणि मला हाक मारली, "मामा, तुमच्या कंपनीत सगळं काम संध्याकाळी होतं का?" ४१०० पैकी २९०० नोंदी साडेपाच ते सातच्या मधल्या. म्हणजे दहातल्या सात. झालं काय, तर सुपरवायझर दिवसभर कार्डावर पेननं टिक करतात, संध्याकाळी गठ्ठा ऑफिसात येतो आणि एंट्रीवाला पोरगा बसून भडाभडा मारतो. ईआरपीच्या हिशोबानं आमच्या लॉटचं टर्निंग, मिलिंग आणि डीबरिंग बारा मिनिटांत होतं. कन्सल्टंट याच डेटावर ३८ लाखाचा जुळा बांधणार होता!

मग दोन आठवडे हातानं. प्रत्येक कार्डाला मागे एक कोरा कागद स्टेपल केला, कुठल्या मशीनला कधी लागलं, कधी उतरलं, बस. जुन्या फिटरकाकांचं डोक्यात होतं म्हणून ऑपरेटरचं नाव लिहायचा रकानाच ठेवला नाही, आणि दोन्ही शिफ्टला उभं राहून सांगितलं की वेळ कार्डाची घेतोय, माणसाची नाही, कुणाचं नाव दिसलं तर कागद फाडा. आमच्यातले एक सिनिअर सेटर पहिले तीन दिवस नुसते हसले. चौथ्या दिवशी स्वतःच्या खिशातलं पेन दिलं दुसऱ्याला.

आता मजा. मॉडेल तयार झालं, त्यात तेच दोन आठवडे परत पळवले, उत्तर आधीच माहीत असलेले. खरं २० दिवस. मॉडेल म्हणालं ११.

भाचा म्हणाला कोड चुकला असेल, दोन दिवस कोड खणला, काही नाही. मग मी एक दिवस दुसऱ्या शिफ्टला थांबलो. रात्री अकराला व्हीएमसी-७ वर सेटिंग संपलं, पहिला पीस निघाला. नियम असा की पहिला पीस सीएमएमवर पास झाल्याशिवाय लॉट पळवायचा नाही, आणि तो नियम बरोबरच आहे, तो न पाळल्यापायी आम्ही एकदा ३०० नग भंगारात घातलेत. पीस कापडात गुंडाळून, कार्ड लावून सीएमएमच्या खोलीबाहेरच्या टेबलावर ठेवला. तिथे आधीच आठ पीस रांगेत, फुलपुडी सोडून ठेवल्यासारखे. खोलीला कुलूप. सीएमएमचा माणूस एकच, ओव्हरटाइम धरून साडेदहा तास काम करतो आणि रात्री आठला घरी जातो. व्हीएमसी-७ सकाळी साडेनऊपर्यंत तशीच उभी, फिक्श्चर लावलेलं, दिवा हिरवा. आणि बोर्डावर काय? 'लोडेड'. आमच्या भाषेत लोडेड म्हणजे चालू.

मॉडेलमध्ये आम्ही सेटिंग झालं की कटिंग सुरू असं धरलं होतं. मधलं वाट बघणं कुणी सांगितलंच नाही, कारण ते कुणाला काम वाटतच नाही. ते घातल्यावर मॉडेल १९ दिवस म्हणालं.

आइंडहोवनकर | ३० जून, रात्री १२:४०

व्वा. हे वाचून फार बरं वाटलं. मॉडेल २० म्हणालं असतं तर तुम्ही रात्री थांबलाच नसता.

सीएमएमचे आकडे द्या. रोज किती पीस, एकाला किती मिनिटं?

नटबोल्ट | ३० जून, सकाळी ७:०५

१२ लॉट, प्रत्येकाचं पहिला पीस आणि फायनल, म्हणजे २४ वेळा. सरासरी २५ मिनिटं. माणूस ६३० मिनिटं असतो.

आइंडहोवनकर | ३० जून, दुपारी ३:१०

२४ गुणिले २५ म्हणजे ६००. ६३० पैकी ६००, म्हणजे ९५ टक्के भरलेला. मालकाला वाटतं वा, माणूस रिकामा बसत नाही. रांगेचं गणित उलटं आहे. हे गणित सुरू केलं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये, किती लोक फोन करतील आणि किती ताटकळतील यासाठी. साध्या रूपात: जेवढा भरलेला भाग त्याला रिकाम्या भागानं भागा. ८० टक्क्याला ४ पट, ९० ला ९ पट, ९५ ला १९ पट. २५ मिनिटांच्या तपासणीसाठी सरासरी १९ गुणिले २५, म्हणजे ४७५ मिनिटं, जवळजवळ आठ तास रांगेत. तुमच्या कागदांवर काय आहे?

नटबोल्ट | ३० जून, रात्री १०:१५

साडेसहा तास सरासरी. हे फक्त पहिल्या पीसचं, मशीन अडकते म्हणून त्याला जरा आधी घेतात.

मग मी आणि भाच्यानं कागदावरच मांडलं. १७ मशीन, २० तास, रोज ३४० मशीन-तास. कटिंग लॉटमागे सरासरी १६ तास, १२ लॉटचे १९२. सेटिंगचे २४. आणि पहिल्या पीससाठी नुसतं उभं राहणं १२ गुणिले साडेसहा, ७८ तास! एकूण २९४, म्हणजे ८६ टक्के मशीन भरलेल्या. म्हणून सगळ्यांना वाटत होतं मशीन कमी पडतात. ७८ तास म्हणजे जवळजवळ चार मशीन रोज दिवसभर दिवा लावून उभ्या.

सीएमएमला दुसऱ्या शिफ्टला एक माणूस दिला तर ९०० मिनिटं मिळतात, भार ६७ टक्के, वाट बघणं दोन पट, ५० मिनिटं. ७८ चे १० तास होतात आणि मशीन ६६ टक्क्यांवर येतात. मॉडेलमध्ये पळवलं: १३ दिवस. मग शेठसमोर त्यांची ४५ लाखाची व्हीएमसी मॉडेलमध्ये घालून दाखवली, सीएमएम आहे तसा ठेवून. १९ चे साडेअठरा. शेठ पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "सीएमएमच्या पोराला पगार किती?" म्हणलं २४ हजारात डिप्लोमावाला मिळेल.

जुना_फिटर | १ जुलै, सकाळी ८:२०

नाव न लिहिल्याबद्दल आभार. आणि जो माणूस साडेदहा तास एकटा सीएमएम ओढतोय त्याचा ओव्हरटाइम आता बंद होणार, ते पैसे त्याच्या घरखर्चात धरलेले असतात. त्याचं काय ठरवलंय तेही मॉडेलात घाला.

नटबोल्ट | १ जुलै, रात्री १०:००

काका, खरंच डोक्यात आलं नव्हतं. शेठशी बोललो. त्याला क्वालिटीचा इनचार्ज करून पगारात थोडं धरलंय. पूर्ण भरपाई नाही, अर्धी म्हणा. तो नाराज आहे, लपवत नाही.

शिरोलीकर | १ जुलै, रात्री १०:३०

ओव्हरटाइमचं आमच्यातबी सेम. पण काम नाद खुळा केलायस बघ. पुढं काय झालं ते लिव्ह, अर्ध्यात सोडू नको धागा.

नटबोल्ट | २३ ऑगस्ट, रात्री ११:१०

लिहितो. मधे गणपतीच्या आधीच्या डिस्पॅचची धावपळ, वेळच नव्हता.

सीएमएमचा दुसरा माणूस १० जुलैला आला. पाच ठिकाणी जुने अँड्रॉइड फोन लावले, कार्डावर बारकोड, स्कॅन केलं की वेळ थेट शीटमध्ये, संध्याकाळची भडाभडा एंट्री बंद. (म्हणजे आइंडहोवनकरांच्या भाषेत आता आमच्याकडे मॉडेल नाही, सावली आहे. प्रमोशन झालं.) रोज सकाळी भाच्याची स्क्रिप्ट उघडी कार्डं वाचते आणि पुढच्या आठवड्यात कुठला लॉट उशिरा जाईल ते सांगते. दहात सात-आठ वेळा बरोबर येतं. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेलेला माल मात्र अजून अंधारातच, चलानवर जायची-यायची तारीख असते तेवढीच, मधे तिथे काय होतं देव जाणे.

सहा आठवड्यांनी कार्डं मोजली. १९२. म्हणजे १६ दिवस. मॉडेल १३ म्हणालं होतं.

या वेळेस कोड खणला नाही, सरळ सीएमएमच्या खोलीत जाऊन बसलो. एक जॉब अर्धा मोजून झालाय, अलाइनमेंट वगैरे सगळं, आणि सुपरवायझर पळत येतो, "हे आधी, अर्जंट आहे." अर्धा जॉब खाली, अर्जंट वर, मग अर्धा जॉब परत वर आणि अलाइनमेंट पहिल्यापासून, २० मिनिटं गेली. मशीनवर तेच, सेटिंग मोडून दुसरं सेटिंग. अर्जंटची वही केली. महिन्यात ६१. कुणी सांगितलं तेही लिहिलं, इथे नावाचा रकाना ठेवला कारण ते ऑपरेटर नव्हते. ६१ पैकी ३८ मोठ्या शेठच्या फोनवर. कस्टमरचा फोन त्यांना येतो, ते मला न सांगता थेट सुपरवायझरला लावतात, सुपरवायझर सेटिंग मोडतो.

भाच्यानं मॉडेलमध्ये एक नवीन प्रोसेस घातली, दिवसातून कधीही येते, कुठलंही मशीन थांबवते. तिला नाव काय द्यायचं यावर आमची बरीच चर्चा झाली, शेवटी 'व्हीआयपी' ठेवलं. ती घातल्यावर मॉडेल १६ वर आलं.

मीठभाकर | २३ ऑगस्ट, रात्री ११:२५

हे मोठ्या शेठना दाखवलं??

नटबोल्ट | २३ ऑगस्ट, रात्री ११:४०

धाकट्यांनी दाखवलं, मी मागे उभा. मोठे शेठ सत्तरीचे, लेथवर हात काळे करून कंपनी उभी केलेला माणूस. स्क्रीनवरचे ठिपके बघत होते, लॉट इकडून तिकडे जाताना. म्हणाले, "सगळं आहे. ह्यात मी कुठं आहे?"

धाकट्यांनी 'व्हीआयपी'वर बोट ठेवलं. बंद करून पळवलं, १३. चालू केलं, १६. परत बंद, परत चालू. म्हातारबुवांनी स्वतः माऊस घेऊन चार वेळा केलं. मग म्हणाले, "आणि कस्टमर माझ्यावर ओरडतो तेव्हा?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण कस्टमर ओरडतो म्हणून ते फोन करतात, फोन करतात म्हणून बाकीचे ५० लॉट उशिरा होतात, आणि मग त्यातला एखादा कस्टमर ओरडतो. हे मी तोंडावर बोललो नाही, पण बहुतेक दिसलं त्यांना.

सध्या ठरलंय असं: अर्जंट दिवसाला एकच, सकाळी साडेनऊला माझ्याकडे, आणि चालू सेटिंग मोडायचं नाही. पहिल्या आठवड्यात पाळलं. दुसऱ्यात तीन वेळा मोडलं. ३८ लाखाचं कोटेशन अजून टेबलात आहे, धाकट्यांना थ्रीडी अजून हवंच आहे, पाहुण्यांना दाखवायला.

चहाबाज | २४ ऑगस्ट, सकाळी ९:१०

शिरोलीकरांचा टीव्ही सेकंडहँड घ्या.

शिरोलीकर | २४ ऑगस्ट, सकाळी ९:३२

घ्या की, टेम्पोत घालून देतो, भाडं तुमचं. पण ते कार्डामागचं कागदाचं सांग मला नीट, कुठले रकाने? आमच्यात फेटलिंगला चालू करतो म्हणतोय उद्यापासनं.

नटबोल्ट | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

चारच. लॉट नंबर, काम, लागलं कधी, उतरलं कधी. पाचवा रकाना रिकामा ठेवा, 'का थांबलं', वाटलं तर लिहा म्हणून सांगायचं, सक्ती नाही. आमच्या सीएमएमचं सगळ्यात आधी तिथेच आलं होतं, एकानं नुसतं 'कुलूप' लिहिलं होतं, मी दोन दिवस दुर्लक्ष केलं.

शिरोलीकर | २४ ऑगस्ट, रात्री १०:४१

फेटलिंगला हातमोजं आणि धूळ, कागद टिकायचा न्हाई. पत्र्यावर खडूनं लिहून संध्याकाळी फोटो काढला तर चालंल?

आइंडहोवनकर | २४ ऑगस्ट, रात्री ११:०२

चालेल. फक्त खडूनं लिहायचं तेव्हाच्या तेव्हा, फोटो कधीही काढा.